खोकणारं व्हॅक्युम क्लीनर: नव्या अजब सिनेमाबद्दल



पत्रिकेत आजच्या विषयाचं नाव 'नवा अजब सिनेमा' असं छापलंय. 'अजब' हा शब्द आम्ही मुद्दाम घेतला. 'अतिवास्तववादी' असं लिहिलं असतं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या, आणि उरलेल्या निम्म्यांवर बसलेल्यांनी वही-पेन काढलं असतं. (हशा) दुसरं कारण जरा गंभीर आहे. अतिवास्तववाद ही १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये उभी राहिलेली चळवळ. तिचा जाहीरनामा होता, सभासद होते, भांडणं होती, हकालपट्ट्याही होत्या. आज आपण ज्या चित्रपटांबद्दल बोलणार आहोत त्यांचे दिग्दर्शक कुठल्याही चळवळीचे सभासद नाहीत. कुणी थाई आहे, कुणी कॅनडातला, कुणी ग्रीक, कुणी चिनी. त्यांच्यात साम्य एवढंच, की त्यांच्या पडद्यावर असं काहीतरी घडतं जे घडू शकत नाही, आणि पात्रं त्याबद्दल फारशी तक्रार करत नाहीत.

असा चित्रपट संपला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'कळलं नाही.' हे वाक्य दोन सुरांत येतं. एक सूर चिडलेला असतो, म्हणजे दिग्दर्शकाने आपल्याला फसवलं. दुसरा सूर ओशाळलेला असतो, म्हणजे आपणच कमी पडलो. दोन्ही सुरांमागे समजूत एकच: चित्रपट हे कोडं आहे आणि उत्तर दिग्दर्शकाच्या खिशात आहे. २०२५च्या जानेवारीत डेव्हिड लिंच गेले. या माणसाने जन्मभर एक गोष्ट पाळली, आपल्या चित्रपटांचा अर्थ सांगायचा नाही. 'मलहॉलंड ड्राइव्ह'ची डीव्हीडी निघाली तेव्हा तिच्यासोबत दहा खुणा छापून दिल्या होत्या. लोकांनी त्या खुणा घेऊन चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला, आणि कोडं आणखी वाढलं. ती थट्टाच होती, असं आम्हाला वाटतं. मोठी प्रेमळ थट्टा.

खरं तर मराठी माणसाला न घडणाऱ्या गोष्टी पाहायची सवय नाही, असं कुणी म्हणू नये. मुक्ताबाईंच्या अभंगातली मुंगी सूर्याला गिळते. म्हणून कीर्तनातून कुणी उठून गेल्याचं ऐकिवात नाही. कोकणातल्या दशावतारात वेद चोरणारा संकासुर येतो आणि चक्क मालवणीत बोलायला लागतो. त्रेतायुग की द्वापारयुग, वेदांची भाषा कुठली, असले प्रश्न मांडवात कुणाला पडत नाहीत. मग सिनेमाचं तिकीट काढल्यावर आपण एवढे हिशेबी का होतो?

आम्ही एक साधी कसोटी वापरतो. अजब चित्रपट सुरुवातीला प्रेक्षकाकडे एक सूट मागतो. एकच. आपण ती दिली, की पुढचं सगळं त्याने आपलं आपण कमवायचं. लुईस बुन्युएलचा 'द एक्स्टरमिनेटिंग एंजल' घ्या, १९६२चा, मेक्सिकोत केलेला. श्रीमंतांची मेजवानी होते. रात्र होते, पाहुणे निघायला बघतात, आणि दिवाणखान्याचा उंबरठा ओलांडणं कुणालाच जमत नाही. दार उघडं आहे. कुणी अडवलेलं नाही. जमत नाही, एवढंच. ही झाली सूट. यापुढे बुन्युएल एकही सूट मागत नाही. तहान लागते तेव्हा भिंत फोडून पाण्याच्या नळापर्यंत जावं लागतं. अंगाला वास येतो. सभ्यपणा दोन-तीन दिवसांत उतरतो. हे सगळं एखाद्या सरकारी पंचनाम्यासारखं काटेकोर आहे. म्हणून तर ते भयंकर आहे.

याच बुन्युएलने तरुणपणी, १९२९ साली, साल्वादोर दालीबरोबर 'अ‍ॅन अँडलुशियन डॉग' केला होता. तिथे दोघांचं ठरलेलंच होतं, की ज्या प्रतिमेचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल ती घ्यायचीच नाही. पण तो वीसेक मिनिटांचा मामला. दोन तास तसं चालत नाही. दोन तासांना कायदा लागतो, भले तो वेड्यांचा कायदा असो.

आता मुख्य चित्रपटाकडे येऊ. आज बोलायला बसलो ते मुख्यतः याच्यासाठी.

'अ यूजफुल घोस्ट', म्हणजे 'उपयोगी भूत'. थायलंडच्या रचपूम बूनबंचाचोक यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. २०२५च्या कान महोत्सवात 'क्रिटिक्स वीक' या विभागाचं सर्वोच्च पारितोषिक याने मिळवलं. गोष्ट अशी. एक माणूस धुळीला कंटाळून व्हॅक्युम क्लीनर विकत घेतो. रात्री ते यंत्र खोकायला लागतं. दुरुस्तीवाला येतो. तो यंत्राला हात लावण्याऐवजी गोष्ट सांगायला बसतो, आणि आपण त्या गोष्टीत शिरतो. एका कारखानदार घराण्यातल्या मार्च नावाच्या मुलाची बायको, नात, धुळीने फुप्फुसं जाऊन वारली आहे. ती परत येते. व्हॅक्युम क्लीनरच्या रूपात. लाल यंत्र, लांब सोंड, खाली चाकं. नवरा तिला ओळखतो आणि संसार पुन्हा सुरू होतो.

इथे प्रेक्षागृह हसतं, आणि हसायलाच हवं. पण सूट संपली बरं का. यानंतर चित्रपट जे करतो ते अगदी घरगुती आहे. सासरच्यांना ही सून आधीच पसंत नव्हती, आता तर ती घरगुती उपकरण झाली आहे. घरात बैठक बसते. नातेवाईक गोळा होतात. भूत असणं ही कुणाचीच मुख्य हरकत नाही. घराण्याला ती काय उपयोगाची, हा प्रश्न आहे. त्याच कारखान्यात एक कामगार धुळीनेच मेलाय आणि त्याचंही भूत यंत्रांमध्ये शिरून काम बंद पाडतंय. नातला एक मार्ग सापडतो. आपण चांगलं भूत आहोत, उपयोगी भूत आहोत, हे सिद्ध करायचं. कसं? तर दुसऱ्या भुतांना हुसकावून.

आता या चित्रपटाचा कायदा लक्षात घ्या. भूत टिकतं ते कुणीतरी त्याची आठवण ठेवतो म्हणून. तेव्हा भूत घालवायचं तर मंत्र-तंत्र लागत नाहीत. आठवण ठेवणाऱ्या जिवंत माणसाला शोधायचं आणि त्याला विजेचे झटके देऊन ती आठवण पुसून टाकायची. नात लोकांच्या स्वप्नांत शिरू शकते. त्यामुळे कोण कुणाची आठवण काढतंय हे तिला कळतं. एका मंत्र्याला हा तिचा गुण फार आवडतो, कारण त्याच्याही मागे भुतं लागली आहेत. आणि ती भुतं आहेत २०१०च्या वसंतात बँकॉकच्या रस्त्यांवर मारल्या गेलेल्यांची. त्या एप्रिल-मेमध्ये 'लाल शर्ट'वाल्यांचं आंदोलन लष्कर घालून मोडलं होतं आणि नव्वदहून जास्त माणसं मेली होती.

म्हणजे बघा, पाऊण तासापूर्वी आपण ज्या यंत्राला हसत होतो ते आता सरकारी खबरी झालंय. आपल्याला नात आवडायला लागलेली असते. तिचं नवऱ्यावर प्रेम आहे, तिला फक्त घरात राहायचंय. एवढ्यासाठी ती दुसऱ्यांचे मेलेले पुसते आहे. हा पेच एखाद्या वास्तववादी चित्रपटात कसा मांडला असता? एखादी बाई, पोलिसांची खबरी, सासरी स्थान मिळावं म्हणून... असे चित्रपट आहेत, चांगलेही आहेत. पण त्यात आपण तिला लगेच तोलायला बसलो असतो. इथे ती व्हॅक्युम क्लीनर असल्यामुळे आपण तराजू बाहेर ठेवून आलो होतो. मग उशिरा जाणीव होते, की आपण कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवत होतो.

आणि धूळ. चित्रपटात सुरुवातीलाच एक जुनं स्मारक पाडलं जातं आणि त्याची धूळ उडते. बँकॉकच्या हवेतली धूळ आहे, कारखान्यातली धूळ आहे. थाई राजदरबाराच्या भाषेत राजाला उद्देशून बोलताना 'आपल्या पायाखालची धूळ' अशा अर्थाची शब्दरचना येते. आपल्याकडच्या 'चरणरज'ची आठवण व्हावी अशी. तेव्हा धूळ शोषणारं यंत्र हे नुसतं गमतीदार भांडं राहत नाही. एक गोष्ट इथे सांगायला हवी, की नातची भूमिका करणारी दाविका हूर्ने हिनेच २०१३च्या 'पी माक' या थायलंडमध्ये प्रचंड चाललेल्या चित्रपटात 'नाक'ची भूमिका केली होती. नाक म्हणजे थाई लोककथेतली प्रसिद्ध भूतबायको. नवरा लढाईवर असताना बाळंतपणात मेलेली आणि तो परतल्यावर जणू काही झालंच नाही अशा थाटात संसार करणारी. बँकॉकमध्ये तिचं देऊळ आहे, लोक नवस बोलतात. थाई प्रेक्षकाला हा धागा सांगावा लागत नाही. आपल्याला सांगावा लागतो, पण एकदा सांगितला की हडळ, समंध, मुंजा यांच्या मुलखातली माणसं आपण, पुढचं आपोआप कळतं.

थाई सिनेमात हे आकाशातून पडलेलं नाही. अपिचातपोंग वीरसेथकुल यांच्या 'अंकल बूनमी'ला कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं ती तारीख २३ मे २०१०. बँकॉकमधलं आंदोलन लष्कराने मोडून काढलं त्याला तेव्हा चार दिवस झाले होते. त्या चित्रपटातही मेलेली बायको रात्री जेवणाच्या टेबलावर येऊन बसते, आणि मरायला टेकलेला बूनमी म्हणतो, की आपण पूर्वी कम्युनिस्टांना मारलं, त्याचं हे कर्मफळ असेल. याच दिग्दर्शकाला त्याआधी २००७ साली 'सिंड्रोम्स अँड अ सेंचुरी'तून चार दृश्यं कापायला सांगितलं गेलं होतं. पुढे त्यांनी 'मेमोरिया' कोलंबियात जाऊन केला. जिथे सरळ बोलता येत नाही तिथे भूत बोलायला लागतं. मात्र याचा अर्थ असा नाही, की सेन्सॉर आहे म्हणून भूत आलं आणि सेन्सॉर गेला की भूत जाईल. भुताला आणखीही कामं असतात.

हे बोलताना एका मराठी नाटकाची आठवण न येणं अशक्य आहे. सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण', १९७४. भाऊराव मेलेत आणि स्वतःच्या मरणावर कीर्तन करताहेत. त्यांना जुन्याच स्मशानात जळायचंय, आणि ते स्मशान तर बंद होतंय. चाळ, मुलगा, बायको, सगळे या प्रेताची व्यवस्था लावायच्या खटपटीत. सूट एकच, मेलेला माणूस बोलतो. बाकी सगळी चाळ जशीच्या तशी. पन्नास वर्षांपूर्वी मराठी रंगभूमीने हे सहज पेललं. मराठी सिनेमाने अशी सूट किती वेळा मागितली? प्रश्न विचारून ठेवतो, शेवटाकडे पुन्हा येऊ.

दुसरा चित्रपट अगदी वेगळ्या तब्येतीचा आहे. मॅथ्यू रँकिन यांचा 'युनिव्हर्सल लँग्वेज', २०२४चा. कॅनडातलं विनिपेग शहर. बर्फ, वाऱ्याने गारठलेले रस्ते, बदामी आणि करड्या विटांच्या ओळीच्या ओळी. आणि सगळं शहर फारसी बोलतं. दुकानांच्या पाट्या फारसीत, शाळा फारसीत, कॉफीच्या साखळी दुकानाचा चहाखाना झालेला. का, ते कुणी सांगत नाही. दोन मुलींना बर्फाच्या लादीत गोठलेली एक नोट सापडते आणि ती बाहेर कशी काढायची यासाठी त्या गावभर कुऱ्हाड शोधत फिरतात. एक वाटाड्या पर्यटकांना शहरातली प्रेक्षणीय स्थळं दाखवतो. त्यात एक बाक आहे, त्यावर कुणीतरी विसरलेली बॅग, जी कुणीच उचललेली नाही. आणि रँकिन स्वतः मॅथ्यू नावाचंच पात्र करतात. सरकारी नोकरी सोडून आईला भेटायला निघालेला मुलगा.

ज्यांनी किआरोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' किंवा पनाहींचा 'द व्हाइट बलून' पाहिलाय त्यांना ही नोट आणि ही मुलं ओळखीची वाटतील. इराणमध्ये 'कानून' नावाच्या मुलांसाठीच्या सरकारी संस्थेने एकेकाळी फार सुंदर चित्रपट केले, त्या परंपरेला केलेला हा सलाम आहे. आम्हाला आधी धास्ती होती, की हा नुसता सिनेमावेड्यांचा विनोद होणार. पहिली वीस मिनिटं तो तसा आहेही. मुलाचा चष्मा टर्कीने पळवला वगैरे. मग मॅथ्यू घरी पोहोचतो, आणि त्याला कळतं की इतकी वर्षं त्याच्या आईची काळजी दुसराच कुणीतरी घेतोय, आणि आईला आता तोच आपला मुलगा वाटतो. इथे आवाज न चढवता चित्रपट बदलतो. ज्या शहराची भाषाच बदलली आहे त्या शहरात मुलगा बदलला तर नवल काय? तो अजब कायदा, सगळे फारसी बोलतात हा, इथे येऊन वसूल होतो. परक्याने आपलं होणं आणि आपल्याने परकं होणं, दोन्ही एकाच चालीत.

पुण्या-मुंबईतून, नागपुरातून मुलं बाहेर गेली आहेत आणि आईवडिलांना दवाखान्यात नेण्याचं काम शेजारचा कुणी किंवा एखादी ताई करते आहे, अशी घरं या सभागृहात बसलेल्यांना माहीत नाहीत असं नाही. आम्ही हा चित्रपट दाखवला तेव्हा त्या प्रसंगानंतर बराच वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही. 'कळलं नाही' असं त्या दिवशी एकानेही म्हटलं नाही.

आता ज्याच्याबद्दल सगळ्यांनी विचारलंय तो 'ब्युगोनिया'. योर्गोस लँथिमोस. २०२५च्या व्हेनिस महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि त्याच वर्षी चित्रपटगृहांत आला. हा 'सेव्ह द ग्रीन प्लॅनेट!' या २००३च्या कोरियन चित्रपटाचा नवा अवतार. मधमाश्या पाळणारा टेडी आणि त्याचा भाऊ मिळून एका औषध कंपनीच्या प्रमुख बाईंना पळवून आणतात, डोकं भादरतात आणि तळघरात बांधून ठेवतात. कारण टेडीची खात्री आहे, की या बाई देवयानी तारकाविश्वातून आलेल्या परग्रहवासी आहेत. एमा स्टोन आणि जेसी प्लेमन्स. दोघंही उत्तम, यात वाद नाही. तळघरातले संवाद म्हणजे दोन भाषांची टक्कर आहे. ती कंपनीच्या बैठकीतली गुळगुळीत भाषा बोलते आणि तो इंटरनेटवर रात्र-रात्र जागून कमावलेली. दोघंही एकमेकांचं ऐकत नाहीत, पण दोघांचंही वाक्य व्याकरणशुद्ध. नावाबद्दल सांगायचं तर प्राचीन ग्रीक-रोमन समजूत अशी, की मारलेल्या बैलाच्या देहातून मधमाश्या जन्मतात. व्हर्जिलने ते वर्णन केलंय. त्या विधीचं नाव ब्युगोनिया.

एवढं सगळं असूनही हा चित्रपट आम्हाला थंड वाटला. थंडपणा हा लँथिमोसचा जुना गुण आहे, म्हणून तो दोष कधी झाला हे शोधायला हवं. २००९चा 'डॉगटूथ' आठवा. आईबापांनी मुलांना कुंपणाबाहेर कधी जाऊ दिलेलं नाही, आणि बाहेरच्या जगातले शब्द घरात आले तर त्यांना खोटे अर्थ शिकवलेत. समुद्र म्हणजे खुर्ची. 'झोंबी' म्हणजे छोटं पिवळं फूल. मुलं ते निष्पापपणे वापरतात आणि आपल्या पोटात गोळा येतो. तिथला थंडपणा आईबापांचा होता, कॅमेरा फक्त तो पाळत होता. 'पुअर थिंग्ज'पासून, म्हणजे २०२३च्या व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि मग चार ऑस्कर मिळाल्यापासून, हा थंडपणा दिग्दर्शकाची सही झालाय. जाहिरातीत विकला जातो. आपण जातो तेच 'आता हा कसला चक्रमपणा दाखवणार' म्हणून, आणि तो दाखवतो. सूट मागायची गरजच उरली नाही, आपण ती तिकिटाबरोबर आगाऊ भरून ठेवलेली असते. मग धक्का कुठून बसणार?

कोरियन मूळ चित्रपट बघितला तर फरक स्पष्ट होतो. जांग जून-ह्वान यांच्या त्या चित्रपटात थिल्लर विनोद, छळ, रडू आणि गुप्तहेरकथा अशी भेळ आहे. काही प्रसंग धड जमलेलेही नाहीत. पण त्या पळवणाऱ्या मुलाचं दुःख, त्याची बेशुद्धीत पडलेली आई, कारखान्याने केलेली वाताहत, हे सगळं अंगावर येतं. 'ब्युगोनिया'तही आई आहे, तीही बेशुद्ध आहे, कंपनीच्या औषधचाचणीमुळे. पण तिथे ती पटकथेतली एक बाब वाटते, नोंद करून पुढे गेल्यासारखी. शेवट सांगत नाही. एवढंच म्हणतो, की शेवटी चित्रपट एका प्रश्नाचं स्वच्छ उत्तर देतो, आणि उत्तर मिळाल्यावर आम्हाला त्या प्रश्नातलं स्वारस्यच संपल्यासारखं झालं. आमच्यातल्या काहींना हे मत पटत नाही. त्यांना तो शेवट वर्षातला सर्वांत धाडसी वाटतो. चहाच्या वेळी त्यांना गाठा.

बी गान यांच्या 'रिझरेक्शन'बद्दल मात्र आमचं आमच्याशीच जमत नाही. २०२५च्या कानमध्ये त्याला विशेष पुरस्कार मिळाला. अडीच तासांहून मोठा. कल्पना अशी, की माणसांनी स्वप्नं पाहणं सोडलं आणि ती अमर झाली. न पेटवलेली मेणबत्ती जशी संपत नाही. पण काही थोडे अजून चोरून स्वप्नं बघतात. अशा एका स्वप्नाळू जिवाची गोष्ट प्रकरणाप्रकरणांतून सांगितली जाते, प्रत्येक प्रकरण एकेका इंद्रियाचं, आणि प्रत्येकाची चित्रशैली सिनेमाच्या इतिहासातल्या वेगळ्या काळाची. सुरुवातीचं मूकपटाच्या थाटातलं प्रकरण बघताना डोळे दिपतात. शेवटाकडे १९९९च्या शेवटच्या रात्रीचं एक प्रकरण आहे, एकाच सलग शॉटमध्ये घेतलेलं. सलग शॉट ही या दिग्दर्शकाची खासियत. 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट'मध्ये एक तासाच्या आसपासचा सलग शॉट होता, तोही त्रिमित.

कसोटी लावली तर 'रिझरेक्शन' नापास होतो. दर प्रकरणाला नवी सूट, नवा कायदा. पण त्यात पडक्या देवळातलं एक प्रकरण आहे. हिवाळा. दाढ दुखणारा एक माणूस दगडाने स्वतःची दाढ पाडतो, आणि त्या दाढेतून कडूपणाचा आत्मा बाहेर येतो. तो दिसतो त्याच्या बापासारखा. पुढे दोघं जे बोलतात ते ऐकताना कसोटी-बिसोटी सगळी बाजूला राहते. कसोटी कामाची असते, पण ती चित्रपटापेक्षा मोठी नव्हे. त्या प्रकरणासाठी बाकीचे दोन तास आम्ही पुन्हा बसू.

काही नावं घाईत. फ्रान्सचे क्वेंटिन द्युपियू वर्षाला एक-दोन चित्रपट काढतात, बहुतेक दीड तासाच्या आतले. २०१०च्या 'रबर'मध्ये गाडीचं टायर खून करत सुटतं. 'द सेकंड अ‍ॅक्ट'ने २०२४चा कान महोत्सव उघडला. हुशार माणूस, पण अलीकडे एक विनोद सुचला की एक चित्रपट असा हिशेब दिसतो. विनोद संपतो, चित्रपट चालू राहतो. याच्या उलट 'हंड्रेड्स ऑफ बीव्हर्स'. अमेरिकेत माइक चेझलिक आणि मित्रांनी सुमारे दीड लाख डॉलरमध्ये केलेला, कृष्णधवल, जवळजवळ संवादच नाहीत. एक दारूबाज माणूस बर्फात बीव्हर मारून पोट भरायला शिकतो, आणि बीव्हर म्हणजे चक्क केसाळ पोशाख घातलेली माणसं. दीड हजाराच्या वर ट्रिकदृश्यं, त्यातली बरीचशी दिग्दर्शकाने घरच्या संगणकावर केलेली. मोठ्या वितरकाची वाट न पाहता स्वतःच गावोगाव घेऊन फिरले. मुलांना घेऊन बघा. तंबूतल्या सिनेमाची मजा आहे.

ट्रिकदृश्यांवरून आठवलं. आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात काय झाली? दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, एका वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपत चित्रित करून दाखवतात. भांडवल घालणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून. मातीतून कोंब वर येतो, डोळ्यांदेखत वेल होतो. हे गृहस्थ जादूचे प्रयोगही करायचे, 'प्रोफेसर केळफा' या नावाने. नाव उलटं वाचा. म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेला जादूगार हा आपल्या सिनेमाचा मूळपुरुष. आणि त्याच फाळक्यांच्या आयुष्याने झपाटलेला एक दिग्दर्शक, कमल स्वरूप, यांनी १९८८ साली 'ओम दर-ब-दर' हा भारतातला बहुधा सगळ्यात अजब हिंदी चित्रपट केला. तो चित्रपटगृहात रीतसर लागायला २०१४ उजाडावं लागलं. सव्वीस वर्षं तो कॉपीवरून कॉपी होत हातोहात फिरत होता.

'तुंबाड'चंही तसंच. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट, पण पाऊस, वाडा, हाव, घराणं सगळं कोकणातलं. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, आणि मुळाशी नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा. तिथला कायदा किती पक्का आहे ते बघा: हस्तर पिठाला भुलतो, तेवढ्या वेळात त्याच्या कमरेच्या कापडातून मुद्रा काढायच्या. पिठाची बाहुली हातात, वर्तुळ भोवती, वेळ मोजका. २०१८ला लोकांनी त्याला बेताचा प्रतिसाद दिला. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला, आणि लगेच दुसऱ्या भागाची घोषणाही झाली. बर्व्यांशिवाय. येईल तेव्हा बघूच, पण काळजी वाटते. पहिल्या भागातला पाऊस मिळावा म्हणून ती मंडळी एकापेक्षा जास्त पावसाळे थांबली होती. दुसऱ्या भागासाठी कुणाला पावसाळाभर थांबू देतील का?

तर तो मघाचा प्रश्न. मराठी रंगभूमीवर प्रेत कीर्तन करतं, मग मराठी पडद्यावर का नाही? प्रेक्षक तयार नाही हे उत्तर आम्हाला मान्य नाही, 'तुंबाड'च्या दुसऱ्या खेपेने ते खोटं ठरवलंय. आमचा अंदाज असा. मराठी सिनेमाने गेल्या वीस वर्षांत जो मान मिळवला तो वास्तवाच्या जोरावर, खऱ्या गावाच्या, खऱ्या बोलीच्या. तो मान मोठा आहे आणि कष्टाने कमावलेला आहे. पण त्यामुळे निर्माता पटकथा वाचतो ती 'हे खरं वाटेल का' या एकाच चष्म्यातून. व्हॅक्युम क्लीनर झालेली सून घेऊन कुणी गेलं तर त्याला पाणी विचारून परत पाठवतील. आणि गंमत म्हणजे धुळीने मेलेला कामगार, मुलगा बदललेली आई, ही सगळी खरी माणसंच आहेत, आपल्याही गावातली.

वेळ होत आली. प्रश्न पुष्कळ असतील, पण पुढचा खेळ लावायचाय. नवे चित्रपट दाखवायचे हक्क अजून हातात आलेले नाहीत, त्यामुळे आज बुन्युएलचाच 'द एक्स्टरमिनेटिंग एंजल' दाखवतो. दीड तासाचा आहे. मागची दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत, ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांनी मध्येच उठायला हरकत नाही. उठता आलं तर. (हशा)